मुमानींची सवत

मामूंच्या अंगणात गेली सहा वर्षे एक जीप उभी आहे. पावसाळ्यात तिच्यावर ताडपत्री असते, उन्हाळ्यात जुनी सतरंजी. मुमानी तिला सवत म्हणतात. "सकाळी उठले की आधी तिच्याकडे बघतात, मग मला सलाम करतात," ही त्यांची तक्रार आमच्या खानदानात लहानथोर सगळ्यांना पाठ आहे.

मामू एसटीतून लेखनिक म्हणून निवृत्त झाले. उभ्या आयुष्यात त्यांनी घेतलेले सर्वांत मोठे वाहन म्हणजे एक स्कूटर. निवृत्तीची रक्कम आली तेव्हा आधी दोघे उमरा करून आले. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर वाचक भगिनी मामूंबद्दल वाईट मत करून घेतील. उमऱ्याहून आल्यावर दोनच महिन्यांनी ते एका गावी कुणाच्या दहाव्या-बाराव्याला गेले आणि तिथल्या शेतकऱ्याच्या गोठ्यात कडब्याखाली ही जीप त्यांना दिसली. बोनेटवर कोंबड्या बसलेल्या होत्या. मामू सांगतात, "मी नुसता हात फिरवला, आणि पत्रा असा वाजला की मनात भरलाच."

आम्ही नगरचे. नकाशावर आता अहिल्यानगर, पण बोलण्यात नगरच. आमच्या गावाला लष्कर नवे नाही. रणगाडा दलाचे केंद्र इथेच, भिंगारची छावणी इथेच. लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात घ्यायच्या आणि शेतावर वापरायच्या, हा आमच्या भागातला जुना रिवाज. त्या शेतकऱ्याच्या वडिलांनीही ती अशीच लिलावात घेतली होती. तिने दुधाचे कॅन वाहिले, कांद्याची पोती वाहिली, चार-पाच नवऱ्या मुली सासरी पोहोचवल्या. मग पेट्रोल परवडेना म्हणून तिचे मूळ इंजिन काढून मॅटाडोरचे डिझेल इंजिन बसवले. तेही बसले तेव्हा ती गोठ्यात गेली.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न होता की ही नक्की आहे कुठली? आमच्या भागात चार चाके आणि उघडे अंग दिसले की लोक जीप म्हणून मोकळे होतात. उत्तर दिले ते उस्तादांनी. आमच्या मोहल्ल्याच्या टोकाला त्यांचे गॅरेज आहे. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, शाळा दुसरीपर्यंत, आणि हात असे की नट हातात घेतला की पाना कितीचा लागेल ते न बघता सांगतात. ते गाडीखाली शिरले, रॉकेलच्या फडक्याने पुढचा आडवा दांडा पुसला आणि म्हणाले, "फोर्ड है, मामू." विलीस कंपनीच्या लष्करी जीपला तिथे गोल नळी असते, फोर्डच्या जीपला उलट्या यू अक्षरासारखी पट्टी. मग त्यांनी दोन-चार बोल्ट घासून दाखवले. प्रत्येकाच्या डोक्यावर बारीक 'एफ' कोरलेला. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरही स्वतःची खूण उमटवली होती.

म्हणजे गाडी दुसऱ्या महायुद्धातली निघाली. या जीपची जन्मकथाही घाईचीच आहे. १९४० च्या जुलैमध्ये अमेरिकन लष्कराने शंभराहून अधिक कंपन्यांकडे मागणी केली की हलकी, चारही चाकांना ओढ असलेली गाडी हवी आणि नमुना ४९ दिवसांत हवा. मुदतीत नमुना दिला तो बँटम नावाच्या एका छोट्या कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला होता. पण बँटमचा कारखाना लहान, म्हणून मोठे काम गेले विलीस आणि फोर्डकडे. १९४१ ते १९४५ या काळात दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. बँटमच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. कष्ट एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हे मोटारींच्या दुनियेतही चालते.

आपल्याकडे जीप म्हटले की महिंद्रा. तिथेही एक गोष्ट आहे, जी आम्ही नववीच्या वर्गात सांगितली तेव्हा मुलांना खरी वाटली नाही. ही कंपनी १९४५ मध्ये सुरू झाली तेव्हा तिचे नाव महिंद्रा अँड मोहम्मद होते. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मुहम्मद. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले आणि दुसरा 'एम' तसाच राहिला. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीस जीपची जुळणी सुरू झाली. आणि १९५५ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आले ते हेच गुलाम मुहम्मद. एका मुलाने विचारले, "सर, ते गेले नसते तर?" आम्ही घंटेकडे बघितले. कधी कधी ती वेळेवर होते.

मामूंच्या अंगणातून आम्ही फार लांब आलो. तिथे आता गाडी पूर्ण खोलण्याचे काम सुरू झाले होते. जुन्या लष्करी गाडीचा शौक म्हणजे लोकांना वाटते गाडी घ्यायची, रंग मारायचा, टोपी घालून फोटो काढायचा. खरे काम रंगाच्या आत असते. या जीपच्या तळाच्या पत्र्याखाली आधाराच्या पोकळ पट्ट्या असतात आणि त्यात कारखान्यातूनच लाकूड भरलेले असते. त्या लाकडात पाणी मुरते आणि पत्रा आतून सडतो. वरून गाडी ठणठणीत दिसते, आणि एक दिवस पाय थेट रस्त्यावर. मामूंची गाडी उलटी केली तेव्हा तिथे लाकडाचा भुसा आणि उंदराचे घरटे निघाले. पट्ट्या नव्याने बनवण्यातच एक हिवाळा गेला.

मूळ जातीचे पेट्रोल इंजिन कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळाले. चार सिलिंडर, २.२ लिटर, नवे असताना ६० अश्वशक्तीचे. याचे व्हॉल्व्ह वरच्या डोक्यात नसतात, बाजूला ब्लॉकमध्येच असतात, म्हणून मिस्त्री लोक त्याला साइड व्हॉल्व्ह म्हणतात. ते आणायला मामू पहाटेच्या एसटीने गेले आणि रात्री टेम्पोत इंजिनाशेजारी बसून आले.

त्या रात्री मुमानी पहिल्यांदा खरोखर चिडल्या. त्यांच्या स्वयंपाकघराचा स्लॅब दोन पावसाळे गळत होता. भगुण्यात पाणी टपटपत असताना नवरा भंगारातून लोखंड घेऊन येतो, हे कुठल्या बाईला सहन होईल? रमजान जवळ आला होता. मुमानी दरवर्षी जकातीचा हिशेब स्वतः करतात. त्यांनी मामूंना विचारले, "ही कशात धरू? वापरात की तिजारतीत?" मामू गप्प. कारण मधल्या काळात पुण्याचे एक गृहस्थ येऊन चांगली रक्कम सांगून गेले होते आणि मामूंच्या डोळ्यांत एक चमक आली होती, ती मुमानींनी पाहिली होती. प्रश्न मौलानांकडे गेला. त्यांनी सांगितले, स्वतःच्या वापराच्या गाडीवर जकात नाही. पण विकून नफा मिळवायच्या नियतीनेच घेतली असेल तर तो व्यापाराचा माल, दरवर्षी बाजारभावाने किंमत धरून अडीच टक्के द्यावे लागतील. "घेताना नियत काय होती ते तुम्हीच सांगा." मामू म्हणाले, "हजरत, घेताना नियत वगैरे काही नव्हती, कोंबड्या हाकलल्या आणि घेतली." मौलानाही हसले. पण जाताना म्हणाले की जकात नसली तरी इस्राफचा हिशेब वेगळा असतो.

त्याचा परिणाम असा झाला की इंजिन आठ महिने तसेच पडून राहिले आणि आधी स्लॅब झाला. आम्हाला विचाराल तर अशा शौकात पडू पाहणाऱ्या प्रत्येकाच्या घरी मुमानींसारखे कुणीतरी असावे. सुरुवातीला पैसे किती लागतील याचा जो अंदाज मामूंनी वहीत लिहिला होता, त्याच्या समोर आता ते बोट ठेवून पान उलटतात.

रंगाची गंमत तर सांगायलाच हवी. ही गाडी जन्मली ती ऑलिव्ह हिरव्या रंगात. शौकिनाला ती तशीच हवी. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १२१ सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कुठल्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग देता येणार नाही. दुसरीकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नवे नियम आले, त्यांत व्हिंटेज म्हणून नोंदणी हवी तर गाडी मूळ रूपात असली पाहिजे, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत, अशी अट आहे. मामूंनी दोन्ही कागद आमच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "सर, तुम्ही बीएड आहात, हे समजावून सांगा." आमच्या बीएडमध्ये हे नव्हते. शेवटी मुमानीच म्हणाल्या, "हिरवा नकोच. आपल्या दारात लष्करी रंगाची गाडी, उद्या कुणी येऊन शंभर प्रश्न विचारील, उत्तरं कोण देत बसणार?" हे त्या बटाटे सोलता सोलता बोलल्या. आम्ही आणि मामूंनी एकमेकांकडे पाहिले, कुणी काही बोलले नाही. जीप आता फिक्या राखाडी रंगाची आहे.

व्हिंटेज नोंदणीचे मात्र अजून ठरत नाही. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरे. ते सगळे ठीक. पण अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे अशा कामांसाठी. मामूंना तर ती जुम्म्याला मशिदीपर्यंत न्यायची आहे. शिवाय आरसी बुकात अजून डिझेल इंजिनाची नोंद आहे. ती बदलायला मामू एका कचेरीत इतके खेटे घालून आले की तिथला शिपाई त्यांना आता चहा विचारतो. ज्यांना अशी गाडी घ्यायची असेल त्यांनी एवढे ऐकावे की आधी कागद बघा, चासीचा नंबर स्वतः पुसून वाचा, मग पत्रा वाजवा. मामूंनी उलटे केले.

आता त्या मुलाची गोष्ट. आमच्या नववीच्या वर्गातला एक मुलगा सोमवार-मंगळवारी गैरहजर राहू लागला. चौकशी केली तर तो उस्तादांच्या गॅरेजमध्ये. आम्ही तावातावाने गेलो. मुलगा मामूंच्या जीपच्या पुढच्या दिव्याशी खेळत होता. या जीपचे पुढचे दिवे बिजागरीवर असतात. बोनेट उघडून दिवा उलटा फिरवला की उजेड इंजिनावर पडतो, म्हणजे रात्री रणांगणावर दुरुस्ती करता येते. तो आम्हाला पाहून पळाला नाही. उलट म्हणाला, "सर, हे बघा!" आणि आम्हीही, खोटे कशाला सांगा, वाकून पाहिले.

उस्ताद म्हणाले, "मैं नहीं बुलाया सर, ये खुदच आता." त्यांचा स्वतःचा मुलगा रियाधला आहे, एसीच्या कामावर. पैसे पाठवतो, पण पान्याला हात लावत नाही. गॅरेज चालवायला कुणी नाही. आम्ही उस्तादांना कायदा सांगितला की चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, आणि अठरापर्यंत धोक्याचे काम देता येत नाही. हा पंधराचा. ते म्हणाले, "मी त्याला वेल्डिंगजवळ उभं करत नाही. आमच्या वेळी मात्र उस्तादनं पान्यानंच शिकवलं," आणि मनगटावरचा वण दाखवला. तो वण बघून आमचा राग जायला हवा होता, पण वाढला. आमच्या मोहल्ल्यात अशी किती पोरे वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षी गॅरेजच्या दारात बसली आणि हातात हुनर असूनही सही करताना अडखळली, हे आम्हाला माहीत आहे. त्यांची नावे आमच्या जुन्या हजेरीपटांवर आहेत.

तडजोड झाली. शाळा बुडवायची नाही. रविवारी दोन तास, तेही कामाला नाही, बघायला. दहावी झाली की आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स, त्याला दहावी पास लागते. आणि उस्तादांची एक अट होती. मामूंकडे या जीपचे १९४४ चे अमेरिकन लष्करी माहितीपुस्तक आहे, टीएम ९-८०३, छापून घेतलेले. ते इंग्रजीत. उस्ताद म्हणाले, "मला आयुष्यभर कळलं नाही त्यात माझ्याबद्दल काय लिहिलंय. पोरानं वाचून दाखवावं." तेव्हापासून दर रविवारी मुलगा अडखळत वाचतो, आम्ही अर्थ सांगतो, उस्ताद मान हलवतात किंवा "गलत" म्हणतात. पुस्तक बहुतेक वेळा बरोबर निघते, पण उस्तादही फारसे चुकत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात उस्तादांच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. मामूंना दम धरवेना. जीप तयार होती, फक्त प्लगच्या वायरी बसवायच्या होत्या. त्यांनी एका मोठ्या वर्कशॉपमधला मिस्त्री बोलावला. पोरगा हुशार, मोबाइलवर सगळे शोधून काम करणारा. त्याने वायरी लावल्या आणि सेल्फ मारला. गाडी कार्बोरेटरमधून अशी खोकली की मुमानींची मांजर दोन दिवस घरी आली नाही. तीन दिवस तो पॉइंट घास, प्लग बदल, कार्बोरेटर खोल असे करत राहिला. चौथ्या दिवशी उस्ताद काळा चष्मा लावून रिक्षातून आले. खाली वाकायची डॉक्टरांची मनाई. उभ्या उभ्या ऐकले आणि म्हणाले, "दोन नंबर और चार नंबर की वायर बदल." बदलली. जीप पहिल्या सेल्फला चालू झाली.

कारण साधे आहे. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत ठिणगी पडायचा क्रम १-३-४-२ असतो. या इंजिनाचाही तोच. त्या मिस्त्रीने दोन आणि चारच्या वायरी उलटसुलट लावल्या होत्या. पुस्तकात ते लिहिलेले आहे. पण त्या दिवशी पुस्तक कपाटात होते आणि ते वाचावे हे कुणाला सुचले नाही. उस्तादांना मात्र वाचावे लागले नाही. आमच्या गावात हे कानाने सांगणारे आता किती उरले, हे आम्ही त्या रात्री बोटांवर मोजले. एका हाताची बोटे पुरली.

पंधरा दिवसांनी गणिताचे सर स्टाफरूममध्ये एक वही घेऊन आले. "हा तुमचा लाडका. नववीत आलाय आणि अंक क्रमाने लिहिता येत नाहीत." शेवटच्या पानभर लिहिले होते, १-३-४-२, १-३-४-२. आम्ही वही परत दिली आणि चहा मागवला.

याच वर्षी शाळेची सहल आमच्या गावच्याच टँक म्युझियमला गेली. १९९४ पासून आहे, पण गावातल्या पोरांनी ते क्वचितच पाहिलेले असते. पॅटन रणगाड्यासमोर सगळे थांबले. आम्ही हवालदार अब्दुल हमीद यांची हकीकत सांगितली. उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्यातील धामूपूरचे, वडील शिंपी. ४ ग्रेनेडियर्सचे जवान. सप्टेंबर १९६५, खेमकरण भागातले चीमा गाव. जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ घेऊन त्यांनी पॅटन रणगाडे फोडले आणि १० सप्टेंबरला शहीद झाले. परमवीर चक्र घ्यायला पुढच्या प्रजासत्ताक दिनी त्यांच्या पत्नी रसूलन बीबी गेल्या. ही कहाणी मुलांना माहीत होती. तरी आमच्या त्या विद्यार्थ्याने विचारले, "सर, एवढ्या रणगाड्यांपुढं जीप कशी टिकली?" आम्हाला उत्तर येत नव्हते. ते रविवारी उस्तादांनी दिले. ही तोफ उडते तेव्हा मागच्या बाजूने ज्वाळा आणि धुळीचा लोट उठतो, शत्रूला जागा लगेच दिसते. म्हणून गोळा सुटला की त्याच क्षणी जागा बदलायची. जीप हलकी आहे, ती झुडपातून निघून दुसऱ्या झुडपात जाते. "गाडी तेव्हा चालू झाली नाही तर?" मुलाने विचारले. उस्ताद म्हणाले, "म्हणून तर ती चालूच असायला पाहिजे."

तेव्हापासून मामूंना कुणी जीपवर खोटी तोफ लावायला सांगितले की ते चिडतात. असे हौशी लोक असतात, लाकडी बंदूक लावतात, पोरांना वर बसवून फोटो काढतात. आम्हालाही ते आवडत नाही. इंग्लंड-फ्रान्सकडे दर जूनला लोक अशा जीप घेऊन नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जातात, जिथे १९४४ मध्ये सैन्य उतरले होते. शौक तिथेही आहे, पण त्याच रस्त्याने ते कबरस्तानातही जातात.

या ईदला जीप पहिल्यांदा ईदगाहला निघाली. आरसी बुकातली नोंद तेवढ्या दिवसांत झाली नव्हती, म्हणून मामूंनी ती मोहल्ल्याच्या आतल्या रस्त्याने, पायी चालणाऱ्यांच्या वेगाने नेली. हे बरोबर नव्हते, आम्ही सांगितले, त्यांनी ऐकले नाही. चालवायला मामू, शेजारी उस्ताद, मागे आम्ही आणि तो मुलगा, नव्या कुर्त्यावर ग्रीसचा डाग घेऊन. नमाजनंतर मामूंनी गाडी घरी आणली आणि मुमानींना म्हणाले, "चला, बहिणीकडे ईद मिलायला जाऊ." मुमानी म्हणाल्या, "हिला किल्ली कुठंय?" किल्ली नाहीच. त्या काळच्या जीपला नुसता खटका असे, लढाईत किल्ली कुठे शोधणार? "म्हणजे कुणीही घेऊन जाईल," म्हणत त्या चढल्या.

कोपऱ्यावरच्या पंपावर पेट्रोल घ्यायला थांबलो. पोरगा नळी घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आला, टाकीचे झाकण दिसेना. या जीपची टाकी चालवणाऱ्याच्या बैठकीखाली असते. मामू उतरले, गादी उचलली, झाकण उघडले. मागे बसलेल्या मुमानींनी वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "एवढी वर्षं पेट्रोलवर बसून होते, म्हणूनच डोकं गरम."